टाकी बिघडली की औषधाची बाटली उघडू नका

मुलांना ‘निमो’ हवा होता, म्हणून तुम्ही घरात खाऱ्या पाण्याची छोटी टाकी आणली. सुरुवातीचे दिवस छान गेले. मग पाणी दुधाळ झालं. दगडांवर तपकिरी थर चढला. मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागला. तुम्ही घाबरून दुकानदाराला फोन लावला. त्याने एक बाटली सांगितली. तिने जमलं नाही, म्हणून दुसरी सांगितली.

जरा थांबा. टाकीत काहीही ओतण्याआधी पाणी मोजा.

खाऱ्या टाकीतले बहुतेक बिघाड माशाचे नसतात, पाण्याचे असतात. आणि ते नुसतं बघून कळत नाहीत. अमोनिया झालेलं पाणीसुद्धा नितळ दिसतं.

घरात तीन वस्तू हव्यातच. थर्मामीटर, खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणि अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच तपासायचं थेंबांचं किट. किट खाऱ्या पाण्याला चालणारं आहे ना, हे विचारूनच घ्या. पैसे कमी पडत असतील तर एक मासा कमी घ्या, पण या तीन वस्तू घ्या.

आता एका कागदावर लिहा आणि टाकीच्या बाजूला चिकटवा. तापमान 25 ते 27 अंश. खारेपणा 35, म्हणजे किलोभर पाण्यात 35 ग्रॅम क्षार. पीएच 8.1 ते 8.4. अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य. नायट्रेट 20च्या आत. आजचा आकडा यातल्या कुठल्या ओळीत बसत नाही ते पाहा. दुखणं तिथेच असतं.

सगळ्यात आधी मिठाबद्दल बोलू, कारण आपल्या रायगड भागात हा मोह फार. पेणला मिठागरं आहेत, खाडी दाराशी आहे. मग बाहेरचं महागडं मीठ कशाला, असं कुणालाही वाटेल. पण मिठागराचं मीठ म्हणजे समुद्र नव्हे. पाणी आटत जातं तसे आधी चुन्याचे क्षार तळाशी बसतात. मग खायचं मीठ जमतं. मॅग्नेशियम मागे उरलेल्या कडवट पाण्यात राहतं, आणि ते पाणी काढून टाकतात. खायला हे मीठ उत्तम. पण प्रवाळाला, शिंपल्याला, कोळंबीला जे चुन्याचे क्षार आणि मॅग्नेशियम लागतात, ते त्यात पुरेसे नसतात. पाकिटातल्या स्वयंपाकाच्या मिठात वर आयोडिन आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली पूड. म्हणून दुकानातलं समुद्री टाकीसाठीचं तयार मीठच घ्या.

खाडीचं पाणीही नको. धरमतरची खाडी घ्या किंवा रेवदंड्याची. तिचा खारेपणा भरतीला वेगळा, ओहोटीला वेगळा. पावसाळ्यात अंबा आणि कुंडलिका नद्या दुथडी भरल्या की ती निम्मीअधिक गोडी होते. शिवाय गाळ, बोटींचं तेल, कारखान्यांच्या बाजूने येणारं काय काय. कॅन भरून आणायला सोपं वाटतं, पण आत काय आलं ते तुम्हाला कळणार नाही.

मीठ नेहमी वेगळ्या बादलीत कालवा. दहा लिटर पाण्याला साधारण 350 ते 400 ग्रॅम लागतं. नेमकं किती ते पाकिटावर वाचा. आत छोटा पंप रात्रभर फिरू द्या. सकाळी खारेपणा मोजा, तापमान टाकीइतकं आहे का ते पाहा, मगच ते पाणी टाकीत घाला. मासे असलेल्या टाकीत कोरडं मीठ कधीही टाकू नका. न विरघळलेला खडा माशाला भाजतो.

आता गोड्या पाण्याकडे या. ग्रामपंचायत किंवा नगरपालिका पाण्यात टीसीएल ही क्लोरीनची पावडर टाकते. ते आपल्या आरोग्यासाठीच असतं, पण क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना सोसत नाही. बोअरवेलच्या पाण्यात भलतेच क्षार असू शकतात. म्हणून आरओचं पाणी वापरा. इथेही एक गोम आहे. घरच्या आरओमध्ये चव यावी म्हणून थोडे क्षार परत मिसळलेले असतात. पाणी विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर तपासा. आकडा शून्याच्या जवळ हवा. पन्नास-शंभर दाखवत असेल तर मेकॅनिकला सांगून मिसळणी बंद करता येते का पाहा, किंवा टाकीसाठी उरलेले क्षार काढणारं जास्तीचं डीआय कार्ट्रिज लावून घ्या.

आरओ एक लिटर देताना त्याहून जास्त पाणी बाहेर टाकतो. ते लादी पुसायला, संडासात वापरा. आणि तुम्ही खारेपाटात राहत असाल, एप्रिल-मे मध्ये टँकरची वाट पाहत असाल, तर स्पष्ट सांगतो. ही हौस तुमच्या घरासाठी नाही. पिण्याच्या पाण्याची ओढाताण असलेल्या घरात टाकीला बादल्या लावणं बरं दिसत नाही.

नवशिक्यांची टाकी सगळ्यात जास्त कशाने बिघडते ते आता सांगतो. पाणी आटतं, पण मीठ आटत नाही. टाकीत 60 लिटर पाणी आहे असं धरा. तीन लिटर उडून गेलं. खारेपणा 35 होता, तो जवळजवळ 37 झाला. घरातल्या माणसाला वाटतं पाणी कमी झालंय, म्हणून तो खारं पाणीच वरून ओततो. आकडा खाली येत नाही, दर वेळी थोडा थोडा चढत जातो. महिनाभर असं झालं की मासे सुस्त होतात, कोळंबी मरते आणि कारण कुणाला कळत नाही.

आटलेलं पाणी भरायचं ते गोडं, म्हणजे आरओचं. खारं पाणी फक्त पाणी बदलताना. काचेवर पाण्याच्या पातळीला पेनाने एक रेघ मारा. रोज सकाळी रेघेपर्यंत गोडं पाणी भरा. हे काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या. दोघांनी केलं की कधी दोनदा होतं, कधी होतच नाही.

खारेपणा चढलेला आढळला तर एका दिवसात खाली आणू नका. दोन-तीन दिवस घ्या. रिफ्रॅक्टोमीटरवरही आंधळा विश्वास नको. त्याच्याबरोबर 35चं तपासणीचं द्रावण मिळतं. महिन्यातून एकदा त्याने जुळवून घ्या.

उन्हाळा हा दुसरा शत्रू. मार्च 2017मध्ये कुंडलिकेच्या वरच्या अंगाला भिऱ्यात 46.5 अंशांची नोंद झाली होती. तितकं दरवर्षी होत नाही, पण पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीतलं टाकीचं पाणी दुपारी सहज 31-32 अंशांवर जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून मासा वर येतो. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नका. दिवे दुपारी बंद ठेवून संध्याकाळी लावा. वरचं झाकण काढून जाळी टाका आणि छोटा पंखा पाण्यावर तिरपा लावा. दोन-तीन अंश उतरतात. अर्थात पाणीही जास्त आटतं, तेव्हा ती रेघ विसरू नका. बर्फ थेट टाकू नका. गोठवलेली बंद बाटली तरंगत ठेवा, आणि तासाभरात एखाद्या अंशाहून जास्त उतरू देऊ नका.

मग विजेचं. 3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा आपल्या जिल्ह्यात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेवढं नको, पण पावसाळ्यात तीन-चार तास लाईट जाणं आपल्याला नवं नाही. छोट्या टाकीतले मासे मरायला तेवढं पुरतं. मासे उपासाने मरत नाहीत, गुदमरून मरतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेऊन ठेवा. इन्व्हर्टर असेल तर दिवा, हिटर नको, फक्त पाणी फिरवणारा पंप त्यावर जोडा. काहीच नसेल तर दर दहा-पंधरा मिनिटांनी मगाने पाणी उचलून वरून ओता. त्या वेळात खाऊ घालू नका.

बंद डब्याचा बाहेरचा फिल्टर असेल तर लक्ष ठेवा. काही तास बंद राहिला की आतले जिवाणू मरतात, पाणी सडतं. लाईट आल्यावर तो लगेच चालू केला तर ती घाण थेट टाकीत येते. आधी त्यातलं पाणी ओतून द्या, आतला स्पंज टाकीच्या पाण्यात हलकेच हलवा, मग चालू करा.

विजेबद्दल आणखी एक. खारं पाणी आणि करंट यांचं पटत नाही. प्रत्येक वायर प्लगपर्यंत जाताना आधी खाली झोळ घेऊन मग वर जाऊ द्या, म्हणजे ओघळ प्लगमध्ये शिरणार नाही. घरात करंट गळताच वीज तोडणारं ईएलसीबी नसेल तर टाकीआधी ते बसवा. हात घालण्यापूर्वी स्विच बंद करा. मुलांना हे पहिल्या दिवशीच सांगा.

हवेकडे कुणाचं लक्ष जात नाही. पेण, हमरापूर, जोहे या बाजूला घराला लागूनच गणपतीचा कारखाना असतो. प्लास्टरची धूळ, स्प्रेचा रंग, थिनरचा वास. हवेचा पंप खोलीतली तीच हवा ओढून पाण्यात सोडतो. तुमचं असं घर असेल तर टाकी कारखान्यापासून दूरच्या खोलीत ठेवा आणि रंगकामाच्या दिवसांत दार बंद ठेवा. डास-झुरळांचा स्प्रे टाकीच्या खोलीत मारू नका. त्यातली औषधं कोळंबी आणि मासे दोघांनाही मारतात.

नव्या टाकीत घाई नको. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू दगडात रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी रिकामी दिसली तरी चालेल. नंतर एक मासा सोडा, पंधरा दिवस थांबा, मग दुसरा. अमोनिया दिसला तर खाऊ बंद करा, मेलेलं काही असेल तर शोधून काढा, जुळवलेल्या खाऱ्या पाण्याने चौथा हिस्सा पाणी बदला, हवा वाढवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.

तपकिरी थर नव्या टाकीत येतोच, काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. हिरवे केस वाढले तर खाऊ जास्त होतोय. मासा मिनिट-दोन मिनिटांत संपवेल तेवढंच घाला. लाल चिकट साय आली तर नळीने ओढून काढा आणि पाण्याचा प्रवाह वाढवा.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले तर मासा वेगळ्या टाकीत हलवा. उपचार तिथेच. ठिपक्यांवरच्या औषधात बहुधा तांबं असतं. मुख्य टाकीत ते गेलं तर कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ सगळं मरतं, आणि तांबं दगडांत मुरून राहतं.

दगडावर बटणांसारखी फुलणारी प्रवाळं असतील, तर तो दगड कधीही उकळू किंवा घासू नका. त्यातल्या काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. वाफेतून ते फुप्फुसात जातं. परदेशात यामुळे अख्खी कुटुंबं इस्पितळात गेली आहेत.

मालवणला गेलात आणि प्रवाळाचा तुकडा दिसला, तर तो आणू नका. प्रवाळ आणि समुद्री घोडे 2001पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. गुन्हा होतो. दुकानातून घेतानाही बिल आणि आयातीची कागदपत्रं मागा. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर परत फिरा. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष प्रवाळाशिवायच काढा. सिरॅमिकचे दगड आणि पैदास केलेले दोन क्लाऊनफिश, म्हणजे मुलांचे ‘निमो’, पुरे. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांची पैदास कधीच साध्य केली आहे, समुद्रातून पकडलेला मासा हवाच असं नाही. क्लाऊनफिशला ॲनिमोनही लागत नाही.

आणि सगळं करूनही जमलं नाही, तर त्यात कमीपणा नाही. मासे दुकानदाराला परत द्या किंवा जाणत्या माणसाकडे सोपवा. पण कुंडलिकेत, अंबेत, खाडीत सोडू नका. सोडल्यावर काय होतं ते लायनफिशवरून कळतं. हा आपल्याकडच्या समुद्रातला मासा. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर तो 1985मध्ये सापडला, बहुधा कुणाच्या तरी टाकीतून सुटलेला. आता तो कॅरिबियन समुद्रभर पसरला आहे आणि तिथल्या कोळ्यांची मासळी खातो आहे. टाकीतलं जुनं पाणीसुद्धा खाडीत नको, घरच्या सांडपाण्याच्या नालीत ओता.