यंत्र बिघडले, शिक्षा मुलाला!

परीक्षार्थी दोन मिनिटे उशिरा आला, तर तो बेजबाबदार. संगणक तासभर बंद पडला, तर ती मात्र ‘तांत्रिक अडचण’! हा कुठला न्याय? व्यवस्थापन-शिक्षणाच्या प्रवेशाची ‘कॅट’ परीक्षा २८ नोव्हेंबर २००९ रोजी प्रथमच संगणकावर सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी अनेक केंद्रांवर यंत्रांनी मान टाकली. खापर फुटले संगणकातील विषाणूंवर! फेरपरीक्षा झाली ती थेट जानेवारी २०१० अखेरीस. फेरपरीक्षा हा उपकार नव्हे, ते देणे आहे. आणि दोन महिने टांगणीला लागलेल्या जिवाचे देणे तिनेही फिटत नाही. म्हणून मुलांनो, पडदा काळा झाला की मुकाट बसू नका. पर्यवेक्षकाला तत्काळ सांगा, बुडालेली मिनिटे लेखी नोंदवून घ्या, मगच केंद्र सोडा. आणि परीक्षा घेणाऱ्यांनो, मुलांना लावता तो नियम आधी स्वतःच्या यंत्रांना लावा!