ऐकून घेणाऱ्यांची संस्था

लोकसेवा म्हटले की आपल्यापुढे अन्नछत्र, पांजरपोळ, वसतिगृह, रुग्णवाहिका अशी डोळ्यांना दिसणारी कामे उभी राहतात. त्यांची थोरवी निर्विवाद आहे. या वेळी मात्र अशा एका सेवेविषयी लिहावयाचे आहे, जिला पैसा थोडा लागतो, परंतु जी करू शकणारी माणसे फार थोडी सापडतात. तिचा पाया घातला लंडनचे धर्मोपदेशक आणि समुपदेशक चॅड वारा यांनी.

वारा यांचा जन्म 1911 सालचा, इंग्लंडातील लिंकनशायर परगण्यातला. 1935 साली नवे धर्मोपदेशक म्हणून त्यांच्या वाट्याला पहिला अंत्यविधी आला तो एका चौदा वर्षांच्या मुलीचा. तिला प्रथमच मासिक पाळी आली होती. हे काय आहे ते तिला कोणी सांगितले नव्हते आणि विचारावे असे माणूसही तिला नव्हते. आपल्याला काही लाजिरवाणा रोग जडला, या समजुतीने तिने आपले आयुष्य संपवले. तिच्या दफनभूमीवर वारा यांनी ठरवले की तरुण मुलामुलींशी या विषयांवर मोकळेपणाने बोलायचे. त्यांच्यावर टीका झाली. धर्मोपदेशकाने असले विषय काढावेत काय, असे विचारले गेले. आपल्या घरांतही हा विषय अजून दाराआडच राहतो, हे येथे नमूद केलेले बरे. प्रपंचाला हातभार म्हणून ते ‘ईगल’ या मुलांच्या सचित्र साप्ताहिकासाठी लेखनही करीत.

1953 साली त्यांना लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चची जबाबदारी देण्यात आली. व्यापारी वाचकांना एक गोष्ट रुचेल. या चर्चवर धर्मोपदेशक नेमण्याचा अधिकार ग्रोसर्स कंपनीकडे, म्हणजे मिरी-मसाल्याच्या व्यापाऱ्यांच्या जुन्या महाजन-संस्थेकडे होता. बँक ऑफ इंग्लंड तेथून हाकेच्या अंतरावर. दिवसा पेढ्यांची वर्दळ, रात्री वस्ती जवळजवळ नाही; त्यामुळे या चर्चच्या धर्मोपदेशकाला मोकळा वेळ होता. लंडन परिसरात दररोज सरासरी तीन माणसे स्वतःचा अंत करून घेतात, असे त्यांच्या वाचनात आले होते. आग लागली तर बंबाला फोन करता येतो. मग जगणे असह्य झालेल्या माणसाने कोणाला करावा? 2 नोव्हेंबर 1953 रोजी मॅन्शन हाउस 9000 या क्रमांकावर पहिला फोन आला. त्या काळी इंग्लंडात आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता आणि 1961 पर्यंत तो तसाच राहिला. मनातले बोलून दाखवणेही धोक्याचे वाटावे, असा तो काळ.

वृत्तपत्रांत बातमी आली आणि माणसांची रीघ लागली. काही फोन करीत, काही प्रत्यक्ष येत. समुपदेशक एकटा, म्हणून बाहेर बसलेल्यांना चहा-कॉफी देण्यासाठी काही सामान्य स्त्रीपुरुष स्वेच्छेने येऊ लागले. थोड्याच दिवसांत वारा यांच्या ध्यानात आले की बाहेर बसलेल्यांपैकी बरेच जण चहा घेऊन, त्या स्वयंसेवकांपाशी मन मोकळे करून, त्यांना न भेटताच हलके होऊन परत जात आहेत.

येथे एखादा चारचौघांसारखा संस्थाचालक काय करता? चहावाल्यांना चहापुरते राहा म्हणाला असता. वारा यांनी उलट केले. फेब्रुवारी 1954 मध्ये त्यांनी ऐकण्याचे मुख्य काम या स्वयंसेवकांच्या हाती सोपवले. स्वतःकडे निवड, देखरेख आणि ज्यांना अधिक उपचारांची गरज आहे अशांचे समुपदेशन ठेवले. ‘समॅरिटन्स’ नावाने पुढे जगभर परिचित झालेल्या संस्थेची खरी स्थापना माझ्या मते त्या दिवशी झाली. आपल्यापेक्षा कमी शिकलेला माणूस आपले काम अधिक चांगले करतो आहे, हे ओळखणे कठीण. ओळखून त्याला वाट करून देणे त्याहून कठीण. आपल्याकडील कित्येक मंडळांत एकच अध्यक्ष वीस-वीस वर्षे चालतो, ते काही केवळ सेवाभावामुळे नव्हे.

निवड मात्र कडक होती. जे उपदेश करीत, जे धर्मप्रसाराची संधी शोधीत, त्यांना नाकारले जाई. बोलणाऱ्याचे रहस्य बाहेर जाणार नाही, हा नियम अभंग. स्वयंसेवकाची ओळख म्हणजे पहिले नाव आणि एक क्रमांक. संगमरवरी पाटीवर नाव कोरण्याची सवय असलेल्या आपल्या समाजाला हे जरा अवघडच वाटेल.

ही सेवा आपल्याला हवी कशाला? व्यापारी कुटुंबाचे एक दुःख आपण सारे जाणतो. धंद्यात खोट आली, उधारी अडकली, व्याज चढले, तरी दुकानाचे शटर रोजच्या वेळेलाच उघडावे लागते. बाजारात पत गेली तर सगळेच गेले, म्हणून भागीदाराला सांगता येत नाही. घरी काळजी नको, म्हणून पत्नीला सांगत नाही. धाडस करून एखाद्या वडीलधाऱ्यांकडे गेलाच, तर पाच मिनिटांत सल्ला मिळतो आणि आठ दिवसांत गोष्ट गावभर होते. सल्ला देण्यात आपण उदार आहोत, ऐकण्यात कंजूष. मोठ्या घरात आलेली सून, दहावी-बारावीच्या गुणांखाली दबलेला मुलगा, यांचीही गत निराळी नाही.

भारतात ही परंपरा रुजली आहे. चेन्नईत मनोविकारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी 1986 साली ‘स्नेहा’ ही संस्था याच धर्तीवर सुरू केली. तेथेही ऐकणारे स्वयंसेवकच. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तो तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरण्याचा पायंडा घातला. 2022 पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवाही आहे: क्रमांक 14416, विनामूल्य, चोवीस तास, मराठीतही. हा क्रमांक दुकानाच्या गल्ल्याजवळ आणि घरच्या फोनजवळ लिहून ठेवावा.

वारा यांनी 2003 पर्यंत, वयाची नव्वदी ओलांडूनही, चर्चचे काम पाहिले. शेवटच्या वर्षांत आपल्याच संस्थेची दिशा त्यांना पटेनाशी झाली आणि त्यांनी ते उघड बोलून दाखवले. संस्था चालू राहिली. 2007 साली ते वारले.

आपल्या भवनांत चातुर्मास सरला की कित्येक खोल्या रिकाम्या पडून असतात. त्यांपैकी एक आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडी ठेवावी, तेथे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या चार श्रावक-श्राविका बसाव्यात, आणि शक्य तो त्या दुसऱ्या गावच्या असाव्यात. आपल्याच पेठेतल्या ओळखीच्या माणसापुढे कोणी तोंड उघडणार नाही.