तुमचं घरकर्ज बाजारात. पण आपल्या प्लॉटांचं काय?

बेळगाव : निपाणीत घर आणि कागल एमआयडीसीत नोकरी, असं आपल्या भागात अनेकांचं आहे. घरकर्जाचा हप्ता दर महिन्याला खात्यातून कटतो. तो शेवटी जातो कुणाकडे, हे सहसा कुणी विचारत नाही. आता विचारायला हवं.

५ मे २०२५ रोजी एलआयसी हाउसिंग फायनान्सच्या १,००० कोटींच्या घरकर्जांवर आधारित प्रमाणपत्रांची राष्ट्रीय शेअर बाजारात नोंदणी झाली. व्याजदर ७.२६ टक्के, मुदत सुमारे २० वर्षं. अशा प्रमाणपत्रांची शेअर बाजारातली ही देशातली पहिलीच नोंदणी.

याला म्हणतात सिक्युरिटायझेशन. फायनान्स कंपनी आपल्या घरकर्जांचा गठ्ठा बांधून एका ट्रस्टकडे देते. ट्रस्ट त्यावर प्रमाणपत्रं काढतो, मोठे गुंतवणूकदार ती घेतात. कंपनीला वीस वर्षं थांबावं लागत नाही, पैसा लगेच मोकळा होतो आणि नव्या कर्जदाराला देता येतो. कर्जदाराचा करार तोच राहतो, हप्ताही सहसा तीच कंपनी गोळा करते.

धोका नाही असं नाही. ‘कर्ज पुढं विकायचंच आहे’ म्हणून अमेरिकेत ऐपत न बघता कर्जं वाटली गेली. २००८ साली काय झालं ते जगानं बघितलं. म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दोन वर्षांहून जास्त मुदतीचं कर्ज विकण्याआधी किमान सहा महिने स्वतःकडे ठेवावं लागतं. घरकर्जांच्या गठ्ठ्यात ५ टक्के वाटा देणाऱ्यानं स्वतःकडे राखायचा असतो. गुंतवणूक किमान १ कोटीची. त्यामुळे ‘घरकर्जाचे बाँड, पन्नास हजारांत’ असं सांगत कुणी दारात आलं, तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

आता आपला प्रश्न. गठ्ठ्यात जातं ते स्वच्छ कागदपत्रांचं कर्ज. आपल्याकडे मात्र शहराच्या कडेला शेतजमिनीचे तुकडे पाडून बाँड पेपरवर प्लॉट विकले गेले. एनए नाही, मंजूर लेआउट नाही, ई-खाता नाही. बँक अशा प्लॉटवर कर्ज देत नाही. मग सोसायटीचं महाग कर्ज काढून भिंती उभ्या राहतात. मुंबईच्या बाजारात घरांसाठी कितीही पैसा मोकळा झाला तरी तो या गल्ल्यांत पोचणार नाही.

म्हणून प्लॉटचा इसार देण्याआधी उतारा, एनए आदेश आणि लेआउट मंजुरी बघा. गावात असेल तर ई-स्वत्तूचे नमुने ९ आणि ११ मागा. कागद कन्नडमध्ये आहे म्हणून न वाचता सही करू नका. जाणकाराकडून वाचून घ्या. स्वस्त कर्जाची वाट त्याच कागदावरून जाते.