बुडालेलं जहाज आणि किनाऱ्यावरचं गाव

बालीच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या तुलांबेन गावात भल्या सकाळी बायकांची लगबग सुरू होते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर स्कुबासाठी हवेने भरलेली टाकी आडवी. कधी एक, कधी दोन. एकेक टाकी 15 किलोच्या आसपास. ज्वालामुखीतून आलेल्या काळ्या, गोल, निसरड्या दगडांनी सगळा किनारा भरलेला. पर्यटक त्यावरून अंग सावरत, एकमेकांचे हात धरत चालतात आणि या बायका साध्या चपला घालून झपाझप पुढे जातात.

हा सगळा खटाटोप समुद्रात बुडालेलं लिबर्टी जहाज पाहायला उतरणाऱ्यांसाठी. अमेरिकी सैन्याचं हे मालवाहू जहाज जानेवारी 1942 मध्ये रबर आणि रेल्वेचं सामान घेऊन ऑस्ट्रेलियाहून फिलिपिन्सकडे निघालं होतं. लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो डागला. दोन विनाशिकांनी ते सिंगाराजा बंदराकडे ओढत नेलं, पण आत पाणी इतकं शिरलं की शेवटी तुलांबेनच्या किनाऱ्यावर रुतवावं लागलं. तिथे ते 21 वर्षं पडून होतं. 1963 मध्ये आगुंग पर्वताचा उद्रेक झाला, हजाराहून अधिक माणसं दगावली आणि त्याच उलथापालथीत जहाज किनाऱ्यावरून समुद्रात सरकलं.

आज सुमारे 120 मीटर लांबीचा हा सांगाडा किनाऱ्याला लागूनच कुशीवर पडला आहे. होडी लागत नाही. चालत पाण्यात शिरायचं, की काही मिनिटांत जहाज समोर. वरचा भाग जेमतेम 5 मीटरवर, खालचा 30 मीटरच्या आसपास. पहाटे उतरणाऱ्यांना कपाळावर टेंगूळ असलेले, माणसाच्या कमरेएवढे मोठे पोपटमासे थव्याने दिसतात. लोखंडावर प्रवाळ इतकं माजलं आहे, की कठडा कुठे संपतो आणि प्रवाळ कुठे सुरू होतं, ते पटकन कळत नाही.

किनाऱ्यालगत आणि वरच्या बाजूला उथळ, म्हणूनच याला नवशिक्यांचं जहाज म्हणतात. ते खरंही आहे, पण अर्धंच. स्कुबाचं प्राथमिक प्रमाणपत्र 18 मीटरपर्यंतचं, पहिल्यांदाच उतरणाऱ्याची मर्यादा 12 मीटर. तळ मात्र त्याहून खूप खोल, आणि पाणी नितळ असलं की खोली कमी भासते. सांगाडा जागोजागी फुटलेला असल्याने आत डोकावायचा मोह होतो. नवशिक्याने आत जाऊ नये, अगदी वाटाड्या बोलावत असला तरी. वर सरळ मोकळं पाणी नसेल, तर घाबरल्यावर वर यायला वाट उरत नाही. बाहेरून फिरूनही लिबर्टी भरपूर दिसते.

तुलांबेनची खरी कमाई मात्र वेगळी आहे. टाक्या वाहण्याचं काम गावातल्याच लोकांच्या गटाकडे राहिलं. कोरडवाहू, खडकाळ जमिनीच्या गावात जहाजामुळे घरोघरी रोजचा पैसा येतो, त्यामुळे ते जपण्यात गावाचा स्वार्थ आहे. पर्यटन टिकवायला याहून भक्कम आधार नाही.

सिंधुदुर्गातही गावाच्या अशा वाट्याचा विचार आत्ताच व्हायला हवा. 1985 ते 2024 अशी नौदलात सेवा केलेली आयएनएस गुलदार ही नौका निवतीजवळ समुद्रतळाशी ठेवून संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती उभारण्याचा प्रकल्प महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने हाती घेतला आहे. कल्पना उत्तमच. पण होड्या कोणाच्या, पाण्यात सोबत उतरणारे तरुण कुठले, जाळी टाकण्याची जागा गेली तर मच्छीमाराला काय मिळणार, हे निविदेच्या कागदावर आधी लिहिलं गेलं पाहिजे. तारकर्ली-मालवणच्या पोरांनी गेल्या काही वर्षांत स्कुबा शिकून घेतलं आहे. त्यांना बाहेरच्या ठेकेदाराकडे रोजंदारीवर ठेवण्याऐवजी प्रकल्पात भागीदारी द्यावी आणि निवतीच्या मच्छीमार सोसायटीला प्रत्येक तिकिटातला ठरलेला वाटा मिळावा.