ताकाचे काय?

मराठी साहित्यव्यवहारात 'मंथन' हा शब्द इतका स्वस्त झाला आहे की त्याला आता ना रवी लागते ना दूध. परिसंवाद झाला की मंथन झाले, आणि त्याचे दोन पानी टिपण निघाले की ते 'नवनीत'. परशुराम बल्लाळ गोडबोले यांनी १८५४ साली जुन्या मराठी कवितेच्या वेच्यांना 'नवनीत' हे नाव दिले, तेव्हा त्या नावामागे काही शतकांची काव्यराशी धुंडाळण्याचे कष्ट होते. आज हा शब्द विद्यार्थ्यांच्या तोंडी कोणत्या अर्थाने येतो, हे शिक्षकांना सांगायला नको.

माझा आक्षेप शब्दाच्या अतिवापराला नाही, त्यामागच्या समजुतीला आहे. साहित्यकृतीच्या पोटात 'सार' नावाची वस्तू आधीपासून तयार असते; ती वर काढून घ्यायची, खाली उरेल ते टाकाऊ, अशी ही समजूत. ज्याने आपल्या स्वयंपाकघरात एकदाही साय घुसळलेली नाही, त्यालाच असे वाटू शकते.

लोणी होते कसे ते पाहू. दूध तापवून गार करायचे, वर धरलेली साय काढायची. रोज थोडी थोडी अशी आठ-दहा दिवस साठवायची आणि तिला विरजण लावायचे. मग रवी. साय आधी फुगते, मग जड होते, हात भरून येतो आणि काहीच घडत नाहीसे वाटते. नेमक्या याच वेळी आवाज बदलतो, साय फुटते आणि पिवळसर किंवा पांढरे कण पाण्यापासून सुटे होतात. गाईच्या दुधाचे लोणी पिवळसर आणि म्हशीचे पांढरे का, तर गाईच्या दुधात उतरणारे कॅरोटीन म्हशीच्या दुधात जवळजवळ नसते. नाशिकच्या थंडीत, निफाडचा पारा एक आकडी होतो त्या दिवसांत, लोणी येता येत नाही. सायीत कोमट पाणी घालावे लागते. वैशाखात बर्फाचे पाणी घालावे लागते, नाहीतर लोणी गोळा न होता तेलकट होऊन पसरते. किती घुसळायचे आणि केव्हा थांबायचे हे कोणत्याही कृतीत नेमके लिहिता येत नाही. ते हाताला आणि कानाला कळते.

आता यातला मर्माचा भाग. दुधात स्निग्धांशाचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरलेले असतात आणि प्रत्येक थेंबाभोवती एक पातळ आवरण असते. घुसळण्याने ती आवरणे फाटतात, थेंब एकमेकांना चिकटतात आणि सारी रचनाच उलटी होते: दुधात पाण्यामध्ये स्निग्धांश होता, लोण्यात स्निग्धांशामध्ये पाणी असते. म्हणजे दुधात लोणी दडून बसलेले नव्हते. स्निग्धांश होता, लोणी घुसळण्याने घडले. कवितेचा अर्थही असाच वाचनाने घडतो. दुसऱ्याने काढून दिलेले सार पाठ करणाऱ्याच्या हाती गोळा येतो, पण घुसळणे त्याच्या वाट्याला येतच नाही.

हे सगळे ज्ञानेश्वरांना ठाऊक होते. पहिल्याच अध्यायात व्यासांच्या बुद्धीने शब्दब्रह्माचा सागर घुसळून नवनीत काढल्याची प्रतिमा येते. आपले वक्ते इथवर येऊन थांबतात. ज्ञानेश्वर थांबत नाहीत. पुढच्याच ओवीत ते हे लोणी ज्ञानाच्या अग्नीवर ठेवतात, विवेकाने कढवतात आणि परिपाकाला येऊन सुगंध सुटेपर्यंत वाट पाहतात. लोणी कढवणाऱ्या कोणत्याही बाईला ही खूण ओळखीची वाटेल: आधी फेस, मग कढाचा आवाज मंदावणे, तळाशी बेरी तांबूस होणे आणि मग घरभर वास. थोर रूपक असे पूर्ण क्रियेच्या जाणकारीतून येते. ज्यांचे थोरले बंधू आणि गुरू निवृत्तिनाथ आमच्या जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरी समाधिस्थ आहेत, त्यांची ओवी शिकवताना आम्ही निम्मी क्रिया गाळावी, हे बरे नव्हे.

आणि ताकाचे काय? 'सार'वादी त्याला टाकाऊ समजतो, पण भाषा समजत नाही. 'ताकाला जाऊन भांडे लपवणे', 'ताकापुरते रामायण' या म्हणी सांगतात की ताक मागायला शेजारी जात आणि ते मिळत असे. लोणी घराचे, बाजाराचे. ताक मात्र गावाचे. कृतीतली आडवळणे, पुनरुक्ती, बोलीचा खडबडीतपणा, ज्याचे सार निघत नाही असे सारे काही, हे साहित्याचे ताक आहे. बहुतेक वाचकांची तहान त्यावरच भागते.

यात आणखी एक गोष्ट गाळली जाते: घुसळणारी. मथुरेच्या बाजाराला दूध-दही-लोणी घेऊन निघालेल्या गौळणी आपण जीवात्मा म्हणून वाचतो. तो अर्थ परंपरेनेच दिलेला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पहाटे उठून घुसळणारी, डोक्यावर माठ घेऊन बाजार गाठणारी बाई त्या अर्थात विरघळून जाते आणि वर्गात तिचा उल्लेखही होत नाही.

रूपकाला इतके शब्दशः धरू नये, असे कोणी म्हणेल. पण ज्या रूपकाला मूळ वस्तूचा भार पेलत नाही, ते रूपक उरत नाही, ती निव्वळ सवय होते. गुणांपुरते शिकवणे आणि गुणांपुरते वाचणे हे ताकापुरते रामायणच. फरक इतकाच की इथे रामायणही सांगितले जात नाही आणि ताकही मिळत नाही. तेव्हा पुढच्या परिसंवादाला 'मंथन' हे नाव देण्यापूर्वी आयोजकांनी आठ दिवस साय साठवावी आणि स्वतःच्या हाताने घुसळावी. लोणी निघेल तेव्हा निघेल. शब्द वापरताना जीभ तरी जरा अडखळेल.