पडद्यासमोरची रांग

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड या बेटावर ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. वर्षातून काही दिवस ही प्रयोगशाळा सामान्य लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवण्याची प्रथा होती. परंतु भिंतीवरचे तक्ते आणि निश्चल उपकरणे पाहून लोकांचे मन फारसे रमत नसे. हे ध्यानात घेऊन विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने ऑक्टोबर १९५८ मधील भेटीसाठी एक गंमत तयार केली. विद्युतलहरी दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोप या यंत्राच्या अवघ्या ५ इंचांच्या गोल पडद्यावर त्याने टेनिसचा खेळ मांडला. एक आडवी रेघ म्हणजे मैदान, मधली छोटी उभी रेघ म्हणजे जाळे आणि प्रकाशाचा एक ठिपका म्हणजे चेंडू. दोन खेळाडूंच्या हातांत दोन पेट्या. प्रत्येक पेटीवर फिरवण्याची एक चकती आणि दाबण्याचे एक बटण. एवढ्याशा खेळासाठी शेकडो लोक रांग लावून उभे राहिले. पुढच्या वर्षी अधिक मोठा पडदा आणला गेला आणि चंद्रावर किंवा गुरू ग्रहावर टेनिस खेळल्यास चेंडू कसा उडेल, हेही लोकांना अनुभवता येऊ लागले. त्यानंतर ते यंत्र सुटे करून त्याचे भाग इतर कामांना लावण्यात आले. हिगिनबॉथमने या खेळाचे पेटंट घेतले नाही. त्यात पेटंट घेण्याजोगे काही आहे, असे त्याला वाटलेच नव्हते.

संगणकीय खेळांच्या इतिहासात या टेनिसची नोंद अगदी सुरुवातीच्या पानांवर होते. सार्वजनिक कार्यक्रमाच्या दृष्टीने मात्र त्याचे महत्त्व वेगळेच आहे. हा खेळ घरी एकट्याने खेळण्यासाठी रचलेला नव्हता. तो रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी माणसांसाठी होता. पुढचा खेळत असताना मागचा पाहत होता आणि पाहता पाहता शिकू शकत होता. पाळी आली की कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आज ग्रंथालयाचा वर्धापनदिन, शाळेचे स्नेहसंमेलन, गणेशोत्सवातील स्पर्धा किंवा दूरच्या शहरातील एखाद्या महाराष्ट्र मंडळाचा कौटुंबिक मेळावा अशा प्रसंगी संगीतखुर्ची आणि लिंबू-चमचा यांच्या जोडीला संगणकावरील खेळ ठेवण्याची कल्पना सहज सुचते. प्रोजेक्टर उपलब्ध असतो, कोणाचा तरी लॅपटॉप मिळतो. खेळ कोणता ठेवायचा हे बहुधा कार्यकर्त्यांतील सर्वांत उत्साही तरुण ठरवतो, आणि तो स्वतःला आवडणारा खेळ निवडतो. चुकीची सुरुवात येथेच होते.

त्या तरुणाने तो खेळ महिनोन्‌महिने खेळलेला असतो. जॉयस्टिकवरची दहा-बारा बटणे त्याच्या बोटांना पाठ असतात. कार्यक्रम सुरू झाला की त्याचे तीन-चार मित्र पडद्यासमोर बसतात आणि उठण्याचे नाव घेत नाहीत. बाकीचे लोक त्यांच्या पाठी पाहत राहतात. मुलाच्या आग्रहाखातर एखादी चाळिशीची गृहिणी पुढे येते, जॉयस्टिक हाती घेते. कोणते बटण कशासाठी आहे हे उमगण्याआधीच तिचा खेळाडू बाद होतो, सभोवार हशा पिकतो, आणि ‘हे आपलं काम नव्हे’ असे म्हणत ती बाजूला होते. प्रसंग क्षुल्लक वाटतो, पण तो क्षुल्लक नाही. पुढे बँकेतील यंत्रासमोर किंवा सरकारी अर्ज ऑनलाइन भरताना तीच स्त्री तेच वाक्य पुन्हा उच्चारते. चारचौघांत यंत्रापुढे झालेली फजिती माणसाच्या मनात फार काळ राहते. म्हणून सार्वजनिक ठिकाणी खेळ निवडणाऱ्याने ज्याने आजवर एकदाही असा खेळ खेळलेला नाही, त्याचा विचार सर्वांआधी करायला हवा. सराईत खेळाडूची सोय घरी होतेच.

दुसरा प्रश्न हक्काचा आहे. विकत मिळणाऱ्या बहुतेक खेळांचा परवाना वैयक्तिक वापरापुरता असतो. सभागृहात शंभर लोकांसमोर तो खेळ मांडण्याची मुभा त्यात नसते. पुष्कळदा तर खेळ विकतही घेतलेला नसतो. कोणाकडून तरी उतरवून घेतलेली चोरटी प्रत चालवली जाते. भिंतीवर सरस्वतीची तसबीर आणि तिच्यासमोर चोरीची वस्तू, या विसंगतीकडे कोणाचे लक्षही जात नाही, इतकी ती अंगवळणी पडली आहे.

मुक्त स्रोत खेळांची गोष्ट निराळी आहे. संगणकाची कोणतीही आज्ञावली आधी माणसाला वाचता येईल अशा सांकेतिक भाषेत लिहिली जाते. या लिखाणाला मूळ संहिता किंवा सोर्स कोड म्हणतात. व्यापारी कंपन्या ही संहिता सहसा गुप्त ठेवतात. मुक्त स्रोत आज्ञावलीची संहिता सर्वांना खुली असते. ती कोणत्याही कामासाठी चालवावी, अभ्यासावी, बदलावी आणि तिच्या प्रती इतरांना द्याव्या, अशी लेखी परवानगी तिच्याबरोबरच येते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली, १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना सिद्ध झाला आणि १९९८ पासून ‘ओपन सोर्स’ हे नाव रूढ झाले. ‘कोणत्याही कामासाठी’ या शब्दांत सार्वजनिक कार्यक्रमही आलाच. अगदी तिकीट लावलेला कार्यक्रमसुद्धा.

नाव नवे असले तरी रीत जुनी आहे. १९६२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘स्पेसवॉर’ हा दोघांनी एकाच पडद्यावर खेळण्याचा खेळ लिहिला. एकाने त्यात खऱ्या आकाशातील ताऱ्यांचा नकाशा घातला, दुसऱ्याने मधल्या ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण आणले. टेबलावरच्या खटक्यांनी खेळून हात दुखू लागले, तेव्हा आणखी कोणी वेगळ्या नियंत्रण-पेट्या बनवल्या. आज्ञावलीच्या प्रती मोकळेपणाने इतर ठिकाणी गेल्या. अनेकांचे हात लागत खेळ सुधारत गेला. भारतात केरळच्या शाळांनी संगणकशिक्षणासाठी मुक्त आज्ञावलींचा मोठ्या प्रमाणावर आधार घेतला, त्यामागेही परवान्याचा खर्च वाचवण्याइतकाच हा मोकळेपणा महत्त्वाचा होता.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. संहिता मुक्त असली म्हणजे खेळातील चित्रे आणि संगीतही मुक्त असतेच असे नाही. ‘डूम’ या गाजलेल्या खेळाची संहिता १९९७ मध्ये खुली झाली, परंतु त्यातील चित्रे, ध्वनी आणि नकाशे कंपनीच्याच मालकीचे राहिले. पुढे ‘फ्रीडूम’ या प्रकल्पात स्वयंसेवकांनी ती सारी सामग्री नव्याने तयार केली. सुप्रसिद्ध कार्टूनमधील पात्रे उचलून केलेले काही खेळही मुक्त म्हणून फिरत असतात. त्यांच्यापासून संस्थेने दूर राहावे.

आणि केवळ मुक्त आहे म्हणून कोणताही खेळ चांगला ठरत नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. काही उत्तम मुक्त खेळांत प्रत्येक खेळाडूला स्वतंत्र संगणक लागतो. ते सभागृहात निरुपयोगी होत. एका पडद्यावर खेळता येणाऱ्या खेळांतही बराच फरक आहे. ‘ब्लॉबी व्हॉली’ हा दोघांचा व्हॉलीबॉल घ्यावा. थेंबासारखे दोन गुबगुबीत जीव जाळ्याच्या दोन बाजूंना उभे असतात. डावीकडे, उजवीकडे आणि वर उडी, एवढ्या तीनच कळा. चेंडूला सलग तीनपेक्षा अधिक वेळा स्पर्श झाला की डाव गेला. व्हॉलीबॉल गावोगाव खेळला जातो, त्यामुळे नियम सांगावे लागत नाहीत. पडद्याचे तुकडे होत नाहीत. शेवटच्या ओळीतील प्रेक्षकालाही चेंडू कोठे आहे ते दिसते आणि तो नकळत ओरडू लागतो. चित्रांची शोभा बेताचीच आहे. तरीही अनोळखी गर्दीसाठी पहिला खेळ म्हणून याच्या तोडीचा दुसरा खेळ शोधणे कठीण.

‘सुपरटक्सकार्ट’ ही छोट्या गाड्यांची शर्यत याहून कितीतरी देखणी आहे. टक्स हा लिनक्सच्या बोधचिन्हातला पेंग्विन या शर्यतीत धावतो. वाटेत सापडणाऱ्या भेटीतून केक किंवा बोलिंगचा चेंडू मिळतो आणि तो प्रतिस्पर्ध्यावर फेकता येतो. मुले त्यावर लुब्ध होतात. पण चौघे खेळू लागले की पडद्याचे चार भाग होतात, आणि लहान पडद्यावर आपली गाडी नेमकी कोणती हेच नवख्याला कळत नाही. मोठा पडदा असल्यास हा खेळ जरूर ठेवावा; सर्वांत सोपी पातळी निवडावी, शर्यत एक-दोन फेऱ्यांची करावी आणि सुरुवातीला दोघांनाच खेळू द्यावे. ‘आर्मगेट्रॉन’मध्येही पडदा विभागला जातो. तेथे मात्र डावीकडे वळणे आणि उजवीकडे वळणे एवढेच मुख्य काम असते, आणि मागे उमटणाऱ्या प्रकाशाच्या भिंतीवर आदळला तो संपला. डाव थोड्याच वेळात आटोपतो, त्यामुळे रांग सरकत राहते.

‘हेजवॉर्स’ या खेळात साळिंदरांसारखे दिसणारे गुलाबी प्राणी आळीपाळीने एकमेकांवर गोळे डागतात. एकच कळफलक हातोहात फिरतो, म्हणजे साधनांचा खर्च नाही. परंतु प्रत्येकाची पाळी येईपर्यंत बराच वेळ जातो आणि सामना लांबतो. पाच-सहा मित्रांच्या बैठकीला तो फार शोभतो. वीस जणांची रांग त्यापुढे कंटाळून पांगेल. शिवाय बॉम्ब आणि बंदुका, मग त्या कितीही विनोदी असोत, बालवाडीच्या कार्यक्रमात नकोतच. ‘फ्रोझन बबल’ हा रंगीत फुगे जुळवण्याचा खेळ आजी आणि नात यांनी मिळून खेळावा असा आहे. ज्यांना रंगांतील भेद नीट ओळखता येत नाहीत अशांसाठी त्याच्या रचनाकारांनी फुग्यांवर निरनिराळ्या खुणा उमटवण्याची सोयही ठेवली आहे. ही गोष्ट लहान आहे, पण ती ज्याला हवी असते त्याला पडद्यासमोर उभे राहता येते.

मुक्त खेळ व्यापारी खेळांइतके चकचकीत नसतात, त्यांची नावे कोणी ऐकलेली नसतात, म्हणून गर्दी जमणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नव्हे. मोबाइलवर रोज जे पाहिले तेच मुलांना हवे असते. परंतु कार्यक्रमात गर्दी आधीच जमलेली असते. तिला बोलावण्याचे काम खेळाला करावे लागत नाही. आलेल्यांना एकमेकांशेजारी उभे करणे, एवढेच त्याचे काम. त्यासाठी हिगिनबॉथमला एक ठिपका पुरला होता.

भाषेचा प्रश्न मात्र खरा आहे. मुक्त खेळातील मजकूर मराठीत आणण्यास कोणाची हरकत नसते आणि संगणक शिकणाऱ्यांसाठी तो एक चांगला अभ्यासही ठरतो. तथापि अनेक छोटे खेळ अक्षरे सुटी सुटी काढतात, त्यामुळे जोडाक्षरे मोडतात आणि ‘स्पर्धा’सारखा साधा शब्दही पाय मोडलेल्या अक्षरांचा होऊन बसतो. असा मजकूर लोकांसमोर ठेवण्यापेक्षा ज्यात वाचण्यासारखे जवळजवळ काही नाही असा खेळ निवडणे आणि नियमांचे दोन ओळींचे मराठी पत्रक पडद्याशेजारी चिकटवणे अधिक बरे.

साधनांविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. साध्या कळफलकावर अनेक कळा एकदम दाबल्या तर काहींची नोंदच होत नाही. हरलेला मुलगा ‘मी दाबली होती’ म्हणून तक्रार करतो, आणि ती खरी असते. म्हणून निदान दोन जॉयस्टिक मिळवाव्या. मांडवात दुपारच्या उजेडात प्रोजेक्टरचे चित्र फिके पडते. त्यापेक्षा दूरचित्रवाणीचा मोठा संच बरा. खेळ आधीच संगणकावर उतरवून ठेवला की कार्यक्रमाच्या वेळी इंटरनेटची गरज उरत नाही.

आदल्या संध्याकाळी तालीम घ्यावी, आणि तिला सराईत तरुणांना बोलावू नये. ग्रंथालयाचा शिपाई, स्वयंपाक करणाऱ्या बाई, कोणाचे तरी आजोबा अशा दोघांना काहीही न सांगता पडद्यासमोर उभे करावे. एका मिनिटात त्यांना खेळ उमगला नाही, तर रात्रीच दुसरा खेळ लावावा. उमगला, तर टेबलावर त्या खेळाच्या प्रती असलेला पेनड्राइव्ह ठेवावा आणि ज्याला हवी त्याने प्रत घरी न्यावी, असे शेजारी लिहून ठेवावे.