रुग्णाची वही आणि राज्याची वेस

निपाणीचा रुग्ण उपचारांसाठी कोल्हापूरची वाट धरतो, हे कोणा सरकारने ठरवून दिलेले नाही. कोल्हापूर ४० किलोमीटरांच्या आसपास, तर जिल्ह्याचे ठिकाण असलेले बेळगाव ७५ च्या घरात. शिवाय छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात आपले दुखणे आपल्या भाषेत सांगता येते, ही सोय आजाऱ्याच्या दृष्टीने लहान नव्हे. उलट चंदगडचा शेतकरी महाराष्ट्रात राहूनही दुखणे बळावले की बेळगाव गाठतो, आणि चोर्ल्याच्या घाटाने बेळगावच्या डॉक्टरांकडे जाण्याचा परिपाठ आम्हां गोमंतकीयांच्याही अंगवळणी पडलेला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या वादाची उजळणी येथे करावयाची नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते एवढेच, की ह्या सर्व काळात रुग्ण वेशीच्या अलीकडे-पलीकडे जात राहिला आणि त्याच्या आजाराची नोंद मात्र वेशीवरच थांबली.

एक साधी गोष्ट घ्या. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडे रीत आहे. कागल-गडहिंग्लजच्या सासरी दिवस गेलेली निपाणीची लेक सातव्या महिन्यात माहेरी येते. तिचा रक्तदाब, तिच्या रक्तातील लोहाचे प्रमाण, तिला दिलेल्या गोळ्या, हे सारे एका राज्याच्या आरोग्यसेविकेने लिहून ठेवलेले असते आणि प्रसूती करावयाची असते दुसऱ्या राज्यातील डॉक्टरने. पिशवीतले कार्ड घरी विसरले, की मध्यरात्री कळा सुरू झालेल्या बाईची सारी हकीकत तिच्या आईच्या आठवणीवर अवलंबून राहते. पाचव्या महिन्यात रक्तदाब किती होता, हे कोणती आई सांगू शकेल?

अशा नोंदींचे मोल काय असते, हे शिकण्यासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज नाही, कारण ते खुद्द बेळगावने जगाला दाखविले आहे. १९६३ साली स्थापन झालेल्या तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी ह्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकन सहकाऱ्यांसमवेत जिल्ह्यातील खेड्यांत एक प्रयोग केला. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १,६२० स्त्रियांपैकी निम्म्यांना परिचारिकेच्या हातून मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या देण्यात आल्या आणि उरलेल्यांना दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या. नोंदी काटेकोर ठेवल्या गेल्या. प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६ साली ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले, आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने ह्या वापरासाठी त्या गोळीला आवश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. त्या निर्णयामागे ज्या अभ्यासांचे बळ होते, त्यांत बेळगावच्या खेड्यांतील बायकांच्या नोंदींचा वाटा मोठा आहे. पुढे ह्याच संस्थेने ठरावीक प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रांत प्रत्येक गरोदर स्त्रीची नोंदवही सुरू केली. बाळंतपण घरी होवो, सरकारी केंद्रात होवो की खासगी दवाखान्यात, आई आणि मूल ह्यांचा ४२ दिवसांपर्यंत पाठपुरावा करावयाचा, हा तिचा नियम. महाराष्ट्रात नागपूरकडेही अशीच नोंदवही चालविली गेली. सीमेच्या दोन्ही अंगांना लागणारी विद्या अशी आपल्याच लोकांपाशी आहे.

तरीही यंत्राविषयी भाबडेपणा नको. २०१४ ते २०१६ ह्या काळात बेळगाव व बागलकोट जिल्ह्यांत आशा सेविका आणि परिचारिका ह्यांच्या हाती भ्रमणध्वनी देण्यात आले. त्यांनी घरी जाऊन रक्तदाब मोजावा, लक्षणे विचारावीत आणि त्या यंत्राने धोका किती ते सांगून पुढची दिशा दाखवावी, अशी ती योजना होती. २०२० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा माता-बालकांच्या मृत्यूंत व गुंतागुंतींत अपेक्षित घट दिसली नाही. बेळगावच्या संशोधकांनी हे अपयश लपविले नाही, ह्याबद्दल त्यांना धन्यवादच द्यावयास हवेत. भारत, पाकिस्तान व मोझांबिक ह्या तिन्ही देशांतील आकडे एकत्र पाहिले तेव्हा, ज्या स्त्रियांच्या घरी सेविका आठ किंवा अधिक वेळा पोहोचली त्यांची स्थिती बरी आढळली. अर्थ उघड आहे. यंत्र हाती देऊन सेविकेला वाऱ्यावर सोडले तर काही साधत नाही. ती पुन्हा पुन्हा उंबरठा ओलांडून आत येते तेव्हा त्या आकड्यांना जीव येतो. संगणक खरेदीच्या निविदा काढण्यात रमणाऱ्या आरोग्य खात्यांनी हा धडा गिरवावा.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी केंद्राने आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले. १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाशी आपले अहवाल जोडावे आणि रुग्णाच्या संमतीने ते कोणत्याही गावच्या डॉक्टरला पाहता यावे, ही त्यामागील कल्पना. सीमाभागासाठी ह्याहून उपयुक्त कल्पना शोधूनही सापडणार नाही. परंतु संमती घ्यावयाची ती कोणत्या भाषेत? निपाणीच्या विडी कामगार बाईपुढे तिला वाचता न येणाऱ्या लिपीतील मजकूर धरला आणि अंगठा उमटवून घेतला, तर त्याला संमती म्हणणे ही चेष्टा होय. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के वा अधिक असतील तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे संरक्षण १९५६ पासून कागदोपत्री मान्य आहे. रुग्णाच्या संमतिपत्राहून अधिक महत्त्वाची सूचना कोणती? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही संमतीची विनंती इंग्रजीत अथवा आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय देण्यास सांगतो, आणि मराठी त्या अनुसूचीत आहे. कर्नाटकाच्या आरोग्य खात्याने आपण होऊन हे करावे. त्याने कन्नडचा मान उणावत नाही. आणि क्षयाचा वा गर्भपाताचा उल्लेख असलेली पाने कोणी पाहावीत, कोणी पाहू नयेत, हेही त्या बाईला तिच्या भाषेत समजले पाहिजे.

२०२३ साली महाराष्ट्राने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला, त्यावर कर्नाटक सरकार संतापले आणि दोन्हीकडून पत्रकांचा पाऊस पडला. पैसे कोणी द्यावेत ह्यावर दोन सरकारे भांडतात, हे समजू शकते. पण रक्तदाबाच्या आकड्यावर कोणाचा प्रादेशिक दावा आहे? योजनेचा वाद बाजूस ठेवून, कोल्हापूर व बेळगाव ह्या दोन जिल्ह्यांच्या आरोग्याधिकाऱ्यांना गरोदर स्त्रियांच्या, क्षयरुग्णांच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या नोंदी परस्परांस देण्याची वाट मोकळी करता येईल. त्यासाठी न्यायालयाच्या निकालाची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही.

हे लिहिताना गोव्याकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २०१८ च्या जानेवारीपासून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात परराज्यातील रुग्णांना शुल्क आकारणे सुरू झाले आणि सिंधुदुर्गात त्याची तीव्र प्रतिक्रिया उमटली. शुल्काच्या बाजूने व विरुद्ध बोलण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र पैसे भरून घेतलेल्या सावंतवाडीच्या वा खानापूरच्या रुग्णाला घरी पाठविताना त्याचे तपासणी-अहवाल, चालू औषधे आणि पुढच्या तपासणीची तारीख त्याला वाचता येईल अशा भाषेत, आणि त्याची इच्छा असल्यास त्याच्या ‘आभा’ खात्यात, देता येतील की नाही? आपल्या आरोग्य खात्याने ह्याचे उत्तर द्यावे, आणि ते शक्य तर येत्या विधानसभा अधिवेशनापूर्वी द्यावे.